जिवल्याचं बाकी दीड वर्ष

मनोरपासून आत, डोंगराला टेकलेल्या पाड्यावरून लाडकी आपल्या लेकाला घेऊन सकाळच्या एस.टी.नं बोईसरला निघाली, तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की कंपनीला आठवण करून द्यायची. मोठी माणसं, त्यांच्यामागं शंभर व्याप. विसरली असतील. आपण समोर जाऊन उभं राहिलं की त्यांच्या ध्यानात येईल, अरे, आपला माणूस घरी पडून आहे.

जिवल्या यायला तयार नव्हता. काठी टेकत फाट्यापर्यंत आला तो कुरकुरतच.

"आये, तिथं समदी ओळखतात मला."

"ओळखतात तेच बरं हाय. बिनओळखीच्याला कोन इचारतो?"

दोन वर्षांमागं हाच जिवल्या बोईसरच्या एका कारखान्यात रोजंदारीवर पिंपं उचलायचा आणि संध्याकाळी तिथल्या क्रीडा मंडळाच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा. सुरुवातीला अनवाणीच. बूट घातले की त्याला चेंडू कळेना. पण डोंगरात वाढलेले पाय; मागं लागणाऱ्याला तो कधी सापडला नाही. मंडळाचा चिटणीस विश्राम, माकुणसारच्या बागायतदार वाडीवाल्यांतला, त्यानं मुंबईच्या एका रंगाच्या कंपनीच्या साहेबांना खेळ बघायला बोलावलं. कंपनीचा स्वतःचा संघ होता. साहेबांना जिवल्या आवडला. मग मंडळाला दहा हजार, जिवल्याच्या घरी दीड हजार, आणि जिवल्यानं तीन वर्षं कंपनीकडूनच खेळायचं, असं ठरलं.

पैसे द्यायला विश्राम पाड्यावर आला तेव्हा अंगणात सगळा पाडा गोळा झाला होता. दीड हजार बघून लाडकीचा नवरा सुका गप्पच बसला. विश्रामला वाटलं, कमी वाटले याला.

"अरे सुका, आपल्याकडं ही सुरुवात आहे. तिकडं इटलीत एका खेळाडूपायी क्लबानं दहा कोटी मोजले म्हणे."

"कोटी म्हंजे किती?" लाडकीनं विचारलं.

"म्हणजे... सगळं बोईसर विकत घेतलं तरी उरतील, एवढे."

"मंग त्या मान्साला उन्हात तरी काढतात का?"

सगळे हसले. विश्राम तर मांडीवर थाप मारून हसला. पण लाडकी काही गंमत करत नव्हती. एवढा पैसा ज्याच्यात घातला त्याला तळहातावर ठेवत असणार, त्याला काटा टोचला तर दहा वैद्य धावत असणार, असं तिला खरंच वाटलं.

तिला दुसरं वाटायचं तरी कसं? दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो, हातावर उचल ठेवतो आणि नवरा-बायकोची जोडी भिवंडीकडं विटा पाडायला जाते. उचल फिटेपर्यंत ती जोडी शेटची. एक आजारी पडलं तर घरातलं दुसरं कुणी त्याच्या जागी उभं राहतं. ही रीत कुणी सांगावी लागत नाही. एका साली भट्टीवर लाडकीला विंचू चावला, तर शेटनं स्वतः तिला ट्रकात घालून डॉक्टरकडं नेली. सगळी वाट शिव्या देत होता, पण नेली. सुका नंतर हसून म्हणाला होता, "आपली उचल फिटायची व्हती. मरू देल का तो तुला?"

जिवल्या दीड वर्ष खेळला. मग पावसाळ्यातल्या एका सामन्यात चिखलात पाय रुतला आणि अंग वळलं, गुडघा तिथंच राहिला. कंपनीनं प्लास्टर घातलं, गाडीभाडं दिलं आणि सांगितलं, घरी जाऊन आराम कर. प्लास्टर निघालं तरी पाय वाकेना. पालघरचे डॉक्टर म्हणाले, आतला बंध तुटला आहे, मुंबईला ऑपरेशन करायला हवं, आणि उशीर करू नका. नाहीतर हा पाय असाच राहील; चढ चढता येणार नाही, उकिडवं बसता येणार नाही. उकिडवं बसता आलं नाही तर वीट पाडता येत नाही, भात लावता येत नाही. पाड्यावर मग माणूस करणार तरी काय?

लाडकीनं हिमाय देवीला नवस बोलला. पोर धड चालेस्तोवर ताडीचा थेंब तोंडाला लावायची नाही. यंदा सुका एकटाच भट्टीवर गेला. अर्ध्या जोडीला अर्धीच उचल. दारात कंपनीचं माणूस येईल म्हणून ती रोज वाट बघत होती. दीड वर्ष बाकी होतं त्यांचं, येतील कसे नाहीत? माघ लागला तरी कुणी आलं नाही. आणि मग कळलं, बोईसरला सामने आहेत आणि ते साहेब येणार आहेत.

मैदानाच्या कडेला नवा पत्र्याचा मांडव उभा होता. जिवल्या दिसताच चहाच्या टपरीवरचा खंडेराव ओरडला, "अरे या या! मालक आले!"

"कसला मालक?" जिवल्या म्हणाला.

"तुझ्याच पैशाचा ना मांडव! तुझ्या पायावर उभा हाय तो."

"मंग सांभाळून बसा," जिवल्या म्हणाला. "पाय मोडलेला हाय."

खंडेराव खो खो हसला आणि दोघांना फुकट चहा दिला.

कंपनीचे ते कृष्णकांत साहेब पुढच्या खुर्चीवर बसून शहाळं पीत होते, शेजारी विश्राम. त्यांचं लक्ष घिवलीच्या एका कोळ्याच्या पोराकडं होतं, दामू नाव. लाडकी मांडवाच्या खांबाला टेकून जमिनीवर बसली. मोठी माणसं बोलताहेत तर थांबावं.

"पंधरा हजार," साहेब म्हणाले.

"पंचवीसच्या खाली मंडळ सोडणार नाही, साहेब. गोव्याकडचा तुम्ही तीसला घेतलात म्हणे."

"त्याचे दोन्ही पाय चालतात, विश्राम." साहेबांची नजर जिवल्यावर गेली. "अरे, जिवल्या! ये, ये. तू सांग, कसा आहे हा पोरगा?"

जिवल्या काठीवर भार टाकून बराच वेळ बघत राहिला. "डावा पाय लई चांगला हाय, साहेब. पन वळताना जोर गुडघ्यावर घेतो. त्याला सांगा, टाच उचलून वळ."

"बघा!" साहेब खूश झाले. "नजर आहे याला."

लाडकीच्या जिवात जीव आला. त्यांना अजून जिवल्या लागतो! ती उठली, पदर सावरून पुढं झाली.

"साहेब, मी याची आयस. तुमचं दीड वरीस बाकी हाय आमच्याकडं."

साहेबांनी नळी तोंडातून काढली. "काय बाकी आहे?"

"तीन वर्साचं बोललो व्हतो. दीडच झालं. आमी बुडवनारे नाय, साहेब. डॉक्टर बोलला, मुंबईला ऑपरेशन करा. तुमी त्याला नीट करून घ्या, तो पुरं दीड वरीस खेळंल. तवर त्याच्या जागी मी येते. झाडू मारंन, रंगाचे डबे उचलंन. सांगाल ते."

साहेबांना आधी कळेचना. मग कळलं तसा त्यांचा चेहरा सैल झाला. बाई पैसे मागायला आली नाही, उलट देणं लागतो म्हणते आहे! ते अगदी मायेनं बोलले.

"छे छे, मावशी! तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत. ते दीड वर्ष कंपनीनं केव्हाच सोडलं. तुमच्याकडं काही नाही आमचं. तुम्ही मोकळ्या."

"मोकळं नका करू, साहेब."

"अहो, पैसे परत नकोत आम्हाला."

"तेच बोलते मी. मागा परत. हक्कानं मागा. तुमचा पैसा याच्यात अडकलाय, तो असा सोडू नका." तिला पुढं नीट सांगता येईना. "मान्साला मोकळं केल्यावर त्याच्याकडं कोन बघतो?"

साहेबांनी विश्रामकडं पाहिलं. विश्राम बुटांच्या नाड्या बघत होता.

"ऑपरेशन कायम नोकरीवाल्यांना मिळतं, मावशी," साहेब हळू म्हणाले. "हा करारावर होता. मी वर शब्द टाकला होता, खोटं नाही सांगत. ते म्हणाले, गेलेल्याचं सोड, नवीन कोण आणतोस ते सांग. माझी नोकरीच तेवढ्यासाठी आहे."

"मंडळाकडून काही..." विश्राम पुटपुटला आणि डोक्यावरच्या पत्र्याकडं बघू लागला.

तेवढ्यात दामूनं गोल मारला. सगळा मांडव उभा राहिला, साहेबही उठले, आणि त्या आरड्याओरड्यात लाडकीचं बोलणं तिथंच राहिलं. कुणी तिला हाकललं नाही. जिवल्या काठी बगलेत धरून टाळ्या वाजवत होता. तिला त्याचा राग आला, आणि लगेच तो रागही टिकला नाही.

पाण्याच्या पिंपापाशी लाडकीला एक बाई भेटली. दामूची आई कमळी, अंगावर ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी. तिनंच लाडकीला गाठलं.

"बाय, तुझ्या पोऱ्याला नेला व्हता ना यांनी? मानसं कशी हायत?"

"गोड बोलतात," लाडकी म्हणाली.

"विश्रामशेट बोलतो, आमाला घरी चार हजार देतील. मी बोलते, सहा माग. तू सांग, किती मागू?"

लाडकीनं तिच्याकडं पाहिलं. मासळी विकून घासाघीस करण्यात मुरलेली बाई, डोळ्यांत उजेड नुसता. पाठवू नको म्हणावं, तर कोण ऐकणार? आपण तरी ऐकलं असतं का?

"पैशे कमी घे," ती म्हणाली. "हजार कमी घे. पन त्यांच्याकडनं कबूल करून घे, सोडनार नाय म्हणून. पोरगा पडला, मोडला, तरी तुमच्या अंगावरचं फिटलं असं बोलायचं नाय."

कमळी हसली. "अगं, सोडला तर बरंच ना! जाळ्यातनं सुटल्यासारखा घरी येल माझा दामू. तू तर उलटंच सांगते."

"व्हय ग बाय," लाडकी म्हणाली. "उलटंच हाय."

मैदानातून कुणीतरी कमळीला हाक मारली, साहेब बोलावताहेत. ती वेणी सारखी करत लगबगीनं गेली.

परतीच्या एस.टी.ला गर्दी फार नव्हती. जिवल्याला पायरी चढवताना कंडक्टरनं दोनदा घंटीची दोरी हातात घेऊन सोडली. आत बसल्यावर त्याचा पाय वाकेना म्हणून तो सरळ वाटेतच राहिला. मागून येणारा प्रत्येक जण तो ओलांडून पुढं जात होता. एक म्हातारा थबकला आणि म्हणाला, "पोरा, पाय आत घे ना जरा."

"आत जात नाय, बाबा," लाडकी म्हणाली, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून फाट्यापर्यंत त्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.