मोरीत सोडलेलं पाणी

गहिनीनाथने परमँगनेटची चिमूट टाकीत सोडली. आतला पंखा फिरत होता. रंग क्षणात टाकीभर पसरला. वरच्या पिंपातून स्वच्छ पाणी टाकीत येत होतं, तळच्या नळीतून रंगीत बाहेर पडत होतं. रंग ठरल्या चालीनं फिका झाला, म्हणजे टाकीतलं मिश्रण बरोबर. एवढ्याशा प्रयोगावर त्याची पदविका आणि साखर कारखान्यातली नोकरी अडली होती.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी तळच्या नळीतून थोड्या-थोड्या वेळानं भरलेल्या काचनळ्या उजेडाला धरल्या. सगळ्या सारख्याच जांभळ्या.

"रंग उतरतच नाही. काय शिकवलंत याला?"

राधाकृष्ण सर टेबलाखाली वाकले. नळीखाली बादली होती. ती भरली की गहिनीनाथ तीच वर पिंपात ओतत होता.

"गाढवा, रंग परत वर चढवतोयस! नळी मोरीत सोडायची."

"हात गेला सर. घरी भांडी धुतलेलं पानीबी म्हशीला ठिवत्यात."

परीक्षक हसले. दुष्काळावर हसणं त्यांना परवडत होतं. त्यांच्या घरी नळ होता.

"नव्या पाण्यानं कर. नाहीतर नापास."

नवं पाणी म्हणजे टँकरचं, वसतिगृहातल्या पोरांचं प्यायचं. सरांनी ते आणवलं. गहिनीनाथने पिंप, टाकी धुऊन भरली, नळी मोरीत सोडली आणि पुन्हा चिमूट टाकली. मोरी भिंतीपलीकडे उघडत होती. तिकडे दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या.

जांभळा. गुलाबी. मग नुसती झाक.

"जमलं," परीक्षकांनी पेन उघडलं. "पिंपाची तोटी बंद कर."

पलीकडे हातोड्या थांबल्या होत्या.

"आगं बनू, घागर आन! आदी लाल येत हुतं, आता निवळ आलंया!"

गहिनीनाथचा हात तोटीवर तसाच राहिला.

"ऐकू येत नाही का?"

"आजून रंग हाय सर."

"अजून? मग टाकीत कुठंतरी पाणी साचून राहतंय. मिश्रण चुकलं. गुण कापावे लागतील."

"कापा सर."

परीक्षक राधाकृष्ण सरांकडे वळले. सरांनी नळीखाली काचनळी धरली, भरली, खिडकीशी नेली. त्यांना त्यातून समोरचा डोंगर स्वच्छ दिसला. खाली, मोरीच्या तोंडाशी, घागरींची रांग लागली होती.

"रंग आहे खरा," ते म्हणाले. "राहू दे चालू."