तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

संध्याकाळचं जेवण ती उजेड असतानाच उरकून घ्यायची आणि पायात चपला सरकवायची. तेवढ्या आवाजानेही सासूच्या कपाळावर आठी चढायची.

"निघाली स्वारी!"

"अर्धा तास, आई. ठकी आत्ताच पोटभर प्यायलीय."

"माझं काय जातंय? लेकरू टाकून हुंदडायचं तर हुंदड."

ठकी चार महिन्यांची. ती पोटात असताना हिची साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली. सासूच्या लेखी विषय तिथेच मिटला. "बाळंतपणाचं दुखणं बाळंतपणाबरोबर गेलं. आता हे चालण्याचे नवे चोचले!" डॉक्टरीणबाई मात्र वेगळंच सांगत होत्या. साखर गेलीय खरी, पण घर बघून गेलीय. वजन चढू दिलंत, हालचाल सोडलीत, तर परत येईल आणि मुक्कामाला राहील. दरवर्षी तपासून घ्या. ते ऐकताना हिच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या आईचं पाऊल होतं. साखरेपायी दोन बोटं गेलेलं, घरातही मोज्यात लपवलेलं. ठकीवर आपलं तसं पाऊल बघायची पाळी येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पण खाली अंगणात तिने फेऱ्या सुरू केल्या, की तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडायची. सासू ठकीला कडेवर घेऊन तिथे उभी राहायची आणि ठकी असा काही गळा काढायची, की पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत धावत यायच्या. "अगं, लेकरू रडतंय तुझं!" जसं काही ही कान घरी ठेवून आली होती! छाती दुधाने भरून यायची, कुर्ता ओला व्हायचा. ओढणी पुढे ओढून ती मुकाट्याने जिने चढायची. रोज असंच. चालणं अर्ध्यावर राहायचं आणि वर "आलीस? लवकर कशी?" हे ऐकावं लागायचं ते वेगळंच.

नवऱ्याला सांगून झालं. मोबाइलमधली मान वर न करता तो म्हणाला, "आईला कशाला दुखवतेस? घरातच चाल ना."

"घरात कुठे? सोफा आणि कपाटाच्या मधे? तिथे तुझे पाय पसरलेले असतात."

त्याने पाय जवळ घेतले. त्याचा हातभार तेवढाच.

त्या दिवशी अंगणात कुणाचं तरी सामान उतरत होतं. टेम्पो आडवा, गाद्या उभ्या, हमालांची आरडाओरड. नाइलाजाने ती इमारतीच्या मागच्या बोळात शिरली. ओलसर भिंत, गुरगुरणारा पाण्याचा पंप, कचऱ्याच्या डब्यावर बसलेलं मांजर. ती चालत होती आणि कान वर लावत होती. सामान उतरून झालं, टेम्पो गेला, पंपही थांबला. रडणं काही ऐकू येईना. रडलेली परवडली! ठसका तर लागला नाही? पडली तर नाही? जिन्याकडे वळलेली पावलं तिने दोनदा मागे घेतली. आणखी एक फेरी, एवढी शेवटची, अशी स्वतःला फसवत तिने कित्येक दिवसांनी पुरता अर्धा तास भरला. मग मात्र धूम ठोकली.

दार नुसतंच लोटलेलं होतं.

सासू खिडकीत पाठमोरी उभी. ठकीला उचलून तिने पार गजांपाशी धरलं होतं आणि स्वतः मान वाकडी करून रिकामं अंगण न्याहाळत होती. "कुठे उलथली ही?" ती पुटपुटत होती. "बघ गं, दिसते का तुझी आई?" आणि ठकी? ठकी गज चाटत होती. मजेत होती. गालावर टिपूस नव्हतं.

ती उंबऱ्यातच खिळून राहिली. महिनाभर ज्या रडण्यामागे ती जिने चढत होती, ते असं होतं तर.

तेवढ्यात ठकीने मान वळवली. आईला पाहिलं. ओठ काढला आणि टाहो फोडला.

सासू गर्रकन वळली. आधी दचकली, मग सावरली. "बघ! बघ कशी रडतेय! तुझ्यामुळेच रडते ती."

"हो ना, आई," ठकीला हातात घेत ती म्हणाली. "मी दिसले की रडते. म्हणून उद्यापासून मी मागच्या बोळातच चालणार. कुठल्याच खिडकीतून दिसत नाही तो."

सासूने खिडकी अशी आपटली, की सोफ्यावरच्या नवऱ्याने पाय जवळ घेतले.