पात्याला दिलेलं पाणी

सापमाऱ्याला गावानं नुसतं डोक्यावर घेतलं होतं. खाणीतल्या ज्या सर्पानं निम्मी वस्ती गिळली, त्याला या पठ्ठ्यानं एकट्यानं लोळवलं होतं. लोकांचं काय असतं, एक काम केलं की दुसरं गळ्यात. माणसं पळवणाऱ्या राखपंथाचा छडाही तूच लाव, म्हणाले.

छडा लागला, आणि तोही कुठे, तर सख्ख्या थोरल्या भावाच्या भट्टीखाली. कोळशाच्या ढिगामागे दार, खाली तळघर. तिथे एक लांबट दगडी डोणी, आणि खुंट्यांना ओळीनं अडकवलेले पायताणांचे अकरा जोड. शेवटच्या जोडावरची शिवण शिवणकामवाल्या मावशीच्या हातची होती. आई गेल्यावर याला जेवू घालणारी हीच मावशी. तिची लेक वर्षापूर्वी शहरात कामाला म्हणून निघाली, ती पोचलीच नव्हती.

लोहार भाऊ शांत होता. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तसलं पातं सर्पाच्या कातडीवर वाकायचं. माणसाच्या रक्तात बुडवलेलं वाकलं नाही.

"तुझीच तलवार कशी चालली, कधी विचारलंस का रे?" एवढंच तो म्हणाला. वर सांगितलं, की खाणीत सात अंडी आहेत आणि फुटायला आलीत.

काय करणार होता बिचारा? खरं बोलावं तर भाऊ फासावर, भट्टी बंद आणि पिल्लं मोकाट. शिवाय मिळालेला मानही त्याला सोडवत नव्हता, उगाच कशाला झाकायचं? त्यानं पायताणं भट्टीत घातली. पंथवाले डोंगरापलीकडे पळाले, असं गावाला सांगून टाकलं.

मावशीपुढे मात्र जीभ अडखळली. ती मशीन थांबवून नुसती बघत राहिली, आणि याच्या तोंडून निघून गेलं, की पोर बंदरावरच्या शहरात सुखात आहे, लग्नही केलंय. मावशी रडली, हसली, मेलीला एक चिठ्ठी धाडता आली नाही म्हणून शिव्याही घातल्या.

आठ दिवसांत तिनं खोली सोडली, मशीन शेजारणीला देऊन टाकलं. लेकीकडेच राहणार, आता कशाला परत येते, असं गल्लीभर सांगत सुटली. उद्या निघते म्हणून सांगायला ती भट्टीवर आली आणि त्याच्या गालावरून हात फिरवून गेली.

भावानं भाता थांबवला. नवं पातं तयार होतं, त्याला पाणी द्यायचं तेवढं राहिलं होतं. पंथ माणसं कशी निवडतो, ते सापमाऱ्याला त्या दुपारी कळलं. ज्याला गावानं हौसेनं निरोप दिलाय, तेवढंच माणूस घ्यायचं. शोध घ्यायचं कुणाच्या मनात येतच नाही, आणि आलंच तर लोक दूरच्या गावी शोधतात.

"कुठल्या वाटेनं जाणार आहे ती?" भावानं विचारलं.

सापमाऱ्यानं भात्याची दांडी हातात घेतली.

"नदीच्या," तो म्हणाला.