भोक न पाडलेला कॅन

"तुझ्या कॅनातलं पानी लई गोड लागतंय बघ, कारभारी," टँकरच्या रांगेतून भिमाबाई म्हणाली आणि खांद्यावर पहार घेऊन कामाला निघालेला कारभारी गर्रकन वळला.

तिच्या पायाशी निळा कॅन होता, काठोकाठ भरलेला. कारभारीनं तो अंधारातसुद्धा ओळखला असता. अकरा वर्षं खांद्याला लावून विहिरीत उतरवलेला कॅन होता तो.

कारभारी मजूर सोसायटीत सुरुंग लावायचा. दुष्काळात जो तो विहीर खोल करायला निघालेला, त्यामुळे हाताला उसंत नव्हती. तळाच्या चिखलपाण्यात उतरताना सुरुंगाचे तोटे, म्हणजे स्फोटकाच्या कांड्या, आणि वात कोरडी राहिली पाहिजे. ओली वात दगा देते, आणि न उडालेला सुरुंग उकरताना माणूस जातो. म्हणून हा घट्ट झाकणाचा कॅन. त्याचं रबर गेलं तेव्हा कारभारीनं चेअरमन बद्रीनाथच्या मागे लागून नवा घ्यायला लावला. परळीच्या दुकानात सात कॅन तपासले. आत मिठाची पुडी ठेवायची, झाकण आवळायचं, हौदात बुडवून धरायचं. दुकानदार वैतागून म्हणाला, "लगीन लावायचंय का कॅनासंगं?" आठव्यातलं मीठ कोरडं निघालं. कारभारी असा खूश झाला, की जुना कॅन विहिरीच्या काठावर तसाच सोडून नव्यात सामान भरत बसला.

सुरुंगवाल्यांची एक रीत असते. जुना डबा टाकायचा तर आधी पहारीनं त्याचं बूड फोडायचं. उन्हानं तोटे पाझरतात, आतलं स्फोटकाचं गोडसर, विषारी औषध प्लास्टिकात मुरतं आणि कितीही घासलं तरी जात नाही. नव्या गड्यांना ही रीत कारभारीच शिकवायचा. आणि विसरला तोच. शहाणा माणूस असा कसा विसरतो म्हणाल, तर नव्या वस्तूच्या नादात विसरतो, दुसरं काय.

"मावशी, ह्यो कवा उचलला?"

"चार दिस झाले. राखेनं तीनदा घासलाय. कावून रं?"

"पितं कोन?"

"विशाखाच पिती. गोड लागतंय म्हनून दुसऱ्याला हात लावू देत न्हाई."

विशाखा तिची नात, सहा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीपाशी.

"तिचं डोकं दुखतंय का?"

भिमाबाईचं हसू मावळलं. "तुला कुनी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला हवं? तोटे हाताळले की डोकं कसं ठणकतं हे त्याला वीस वर्षं ठाऊक होतं. त्यानं खांद्यावरची पहार उतरवली आणि भरल्या कॅनात खुपसली. पाणी भसकन फुफाट्यात गेलं. रांगेतल्या बायका जागच्या जागी थिजल्या. भिमाबाईनं त्याची गचांडी धरली. "आरं, पहाटंपासनं उबी हाय मी."

"सुरुंगाचा कॅन हाय, मावशी. माज्याकडनं फोडायचा राहिला."

तिची मूठ सुटलीच नाही. तशीच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग कारभारीनं हळूच तिची बोटं सोडवली आणि तिच्या घराकडे धाव घेतली. पोर कपाळाला फडकं बांधून पडली होती. ओठ निळसर दिसत होते. तिला पाठीवर घेऊन तो सिरसाळ्याच्या दवाखान्यापर्यंत पळाला. मागून भिमाबाई अनवाणी.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत ठेवून घेतलं. "बरी होईल. वेळेवर आणलीत," ते म्हणाले. "आता फक्त भरपूर पाणी पाजा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दिवस मावळायच्या आत कारभारीनं आपल्या घरातली भरलेली घागर उचलली आणि भिमाबाईच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली. "घरचं हाय, मावशी," तो म्हणाला.

भिमाबाईनं तांब्यात थोडं ओतून घेतलं. नाकाशी धरून वास घेतला. मग स्वतः दोन घोट प्यायली आणि आपलं डोकं दुखतंय का याची वाट बघत तांब्या मांडीवर धरून बसली. आत पोरगी पाणी मागत होती.