स्क्रीनखालची वही

ऑफिसात त्याला सगळे उस्ताद म्हणायचे आणि त्यालाही ते मनापासून पटलं होतं. प्रोग्रॅमर म्हणून अठरा वर्षं काढलेली. दुसऱ्याचा कोड उघडला की आधी नाक मुरडायचं आणि मग साफसफाईला लागायचं, ही त्याची पद्धत.

हॉस्पिटलच्या रक्ततपासणीचा प्रोग्रॅम बाईंचा. बाई म्हणजे त्याच्या आधीच्या प्रमुख, त्यांनीच त्याला बोट धरून काम शिकवलेलं. निवृत्तीच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "अर्धा तास बस रे माझ्याजवळ. काही ओळी वेड्यासारख्या दिसतात, त्यांची कारणं सांगते."

"बाई, चांगला कोड स्वतःच बोलतो," उस्ताद म्हणाला होता. टीममधली पोरं ऐकत होती, म्हणून जरा मोठ्यानंच. बाई हसल्या आणि एक जाडजूड वही त्याच्या टेबलावर ठेवून गेल्या.

वही चांगली तीन बोटं जाड होती. उस्तादनं ती स्क्रीनखाली सारली. स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर आली, मानेचं दुखणंही थांबलं.

मग त्यानं बाईंच्या कोडला हात घातला. तपासणीचं जुनं यंत्र रिपोर्टसोबत पेशंटचं आडनाव, नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारीख एवढंच पाठवायचं. एकाच दिवशी या तिन्ही गोष्टी जुळणारे दोन रिपोर्ट आले, तर प्रोग्रॅम दोन्ही अडवून ठेवायचा आणि माणसाला बघायला लावायचा. असले दोन पेशंट येणार कुठून? त्यानं दोन वर्षांच्या नोंदी चाळल्या, एकदाही तशी वेळ आली नव्हती. त्यानं त्या ओळी उडवल्या आणि दुपारी पोरांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आठ महिन्यांनी जुळ्या बहिणी तापानं फणफणून हॉस्पिटलात आल्या. आईबापांनी हौसेनं एकाच अक्षरावरून नावं ठेवलेली. रिपोर्टांची अदलाबदल झाली. जिला गरज नव्हती, तिला जहाल औषध सुरू झालं. चूक तिसऱ्या दिवशी कळली. दोघी वाचल्या. पण त्या औषधानं एकीचं ऐकणं जवळजवळ गेलं.

उस्तादनं बाईंना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं.

"वही वाचलीस का?" बाईंनी विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही, बाई."

"माझंच चुकलं. हात धरून बसवायला हवं होतं तुला," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानं स्क्रीन उचलून वही काढली. त्याला वाटलं होतं, आत बाईंच्या युक्त्या असतील. आत होत्या फक्त चुका, तारीखवार. प्रत्येक नोंद 'मी' पासून सुरू होणारी. चौथ्या पानावर होतं: 'मी गृहीत धरलं की एका घरात एका जन्मतारखेचं एकच माणूस असतं. जुळ्या भावांचे रिपोर्ट उलटे गेले. नर्सच्या वेळेवर लक्षात आलं, माझ्या नाही. आता असे रिपोर्ट थांबवते.' एकतीस वर्षांच्या नोकरीत असल्या एकशे चाळीस नोंदी. अशा बाईंना आपण पोरांसमोर उडवून लावलं, या विचारानं त्याला स्वतःची शिसारी आली.

शेवटची बरीच पानं कोरी होती. बाईंनी ती कोणासाठी सोडली होती, हे आता त्याला कळलं. त्यानं पेन काढलं, तारीख घातली आणि लिहिलं:

'मी जुळ्यांचे रिपोर्ट थांबवणाऱ्या ओळी काढून टाकल्या. कारणं सांगायला माणूस तयार होतं, मी ऐकलं नाही. मुलगी सहा वर्षांची आहे.'