मोकळा पाइप

दादाच्या मोटरसायकलला मोकळा पाइप बसवला आणि धाकट्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

धाकटा पेशानं शिंपी. इंजिनाशी त्याचा संबंध एवढाच, की ते चालू झालं तर वर बसायचं. मोटरसायकल थोरल्याची, म्हणजे दादाची. दादा मेकॅनिक. घराखालीच त्याचं गॅरेज. पण मेंदूला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. शब्द उरले ते थोडे, तेही भलत्या वेळी उगवणारे. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचा. बायकोला एकदा "पाना" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळत असेलही, नसेलही. सांगता येत नाही." आता असलं उत्तर घेऊन माणसानं करायचं काय? लोणचं घालायचं?

मोटरसायकलचा जुना सायलेन्सर गंजून गळून पडला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "हा मोकळा पाइप घ्या. आत जाळी नाही, अडथळा नाही. धूर सुसाट बाहेर. ताकद वाढते." धाकट्याला ताकदीशी काही देणंघेणं नव्हतं. दणदणीत आवाज खिडकीतून वर जाईल, दादाच्या कानावर पडेल आणि आत कुठंतरी काहीतरी जागं होईल, एवढीच त्याची वेडी आशा.

आणि झालंही तसंच. नवा पाइप वाजवत तो दारात आला, तसा खाटेवरच्या दादानं मान वळवली आणि स्पष्ट म्हणाला, "भूक."

"अगं बाई! भूक म्हणाले हो!" वहिनी ताट घेऊन धावली. दादानं चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं ताट उडवून लावलं.

मग हे रोजचंच झालं. धाकटा घरी आला की दादा म्हणणार "भूक", आणि ताट आलं की तोंड फिरवणार. एरवी वहिनी भरवेल तेवढं मुकाट गिळणारा माणूस! वहिनी आधी समजूत घालायची, मग चिडायची. एक दिवस ती स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडली.

"भावोजी, यांना आता काहीसुद्धा कळत नाही," ती म्हणाली. "कळत असतं ना, तर मी हाडाची काडं केली असती. पण ज्यांना स्वतःची भूक कळत नाही, त्यांना मी तरी दिसते का?"

तिच्या बहिणीनं अशा रुग्णांना सांभाळणारी एक संस्था शोधून ठेवली होती. जागा रिकामी होती, नुसतं हो म्हणायचा अवकाश. वहिनी आज-उद्या करत टाळत होती. धाकट्याला मात्र एकच घोर लागला. दादा आत आहे की गेला? कुणाला विचारायचं?

इकडे मोटरसायकलनंही त्याला वात आणला. आवाज वाघाचा, चाल गोगलगायीची. चढ आला की दम टाकायची. हँडलची मूठ पिळली की क्षणभर गप्प, मूठ सोडली की पाइपातून फाट-फाट. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे, रुळेल." शेजारी म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय, म्हणून पाइपात पेटतंय. कमी कर." धाकट्याला हे पटलं. सदरा ढगळ झाला तर आत टीप मारायची, तसंच हे! त्यानं एका मेकॅनिककडून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट काढवून त्याहून बारीक भोकाचा बसवून घेतला.

मोटरसायकल आणखीनच बिघडली. दारापर्यंत आचके देत आली. वर दादा खाटेच्या कडेवर मूठ आपटत होता. "भूक! भूक! भूक!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

या वेळी वहिनीनं ताट आणलं नाही. तिनं फोन उचलला आणि बहिणीला म्हणाली, "ये तू. घेऊन जाऊ यांना."

धाकट्याला घरात थांबवेना. मोटरसायकल ढकलत तो पान्याकडे गेला. पान्या दादाच्या हाताखाली शिकलेला. आता पलीकडच्या रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. त्यानं इंजिनाचा स्पार्क प्लग काढून धाकट्याच्या नाकासमोर धरला.

"बघ. खडूसारखा पांढरा."

"म्हणजे स्वच्छ ना?"

"डोंबलाचा स्वच्छ! तापून पांढरा पडलाय. पाइप मोकळा केलास, इंजिन जास्त हवा ओढायला लागलं. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. तू शहाण्यानं होतं तेही कमी केलंस. दादा इथं असते तर लांबूनच ओरडले असते."

"काय? काय ओरडले असते?"

"भूक! आणखी काय? आमच्या गॅरेजात पेट्रोल कमी पडलं की भूक आणि जास्त झालं की अजीर्ण. त्यांचेच शब्द. गिऱ्हाइकं हसायची."

धाकटा जागच्या जागी थिजला. मग त्यानं पान्याचं मनगट धरलं. "हत्यारं घे. चल. आत्ताच्या आत्ता!"

वहिनी दादाचे कपडे पिशवीत भरत होती. "भावोजी, पुरे करा आता तो गोंगाट," ती म्हणाली. धाकटा जाऊन खाटेशी उभा राहिला. खाली पान्यानं घाईत पेटीतला सगळ्यात मोठा जेट बसवला आणि किक मारली. मोटरसायकल गुरगुरली, अडखळली, काळा धूर ओकायला लागली.

दादाच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. परत भूकच म्हणाला तर?

"अ... अजीर्ण."

"अरे देवा, पोट बिघडलं की काय?" वहिनी औषधाकडे धावली.

"दादाचं नाही, वहिनी! गाडीचं! मोटरसायकलचं!" धाकटा हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. अडखळतच त्यानं सगळं सांगितलं. खाली पान्यानं मधला जेट घातला. आता आवाज भरून आला. मूठ पिळली तरी चुकला नाही, सोडली तरी फुटला नाही. दादानं डोळे मिटून ऐकलं आणि हं केलं.

वहिनी मटकन खाटेवर बसली. "म्हणजे एवढे दिवस मी गाडीचं जेवण यांना भरवत होते?"

मग तिनं फोन घेतला. "नको येऊस," ती बहिणीला म्हणाली. "नाही गं, कुठेच न्यायचं नाही. मागाहून सांगते." पिशवीतले कपडे तिनं एकेक करून फळीवर ठेवले. खाली पान्यानं इंजिन बंद केलं.

"भूक," दादा म्हणाला.

दोघंही खिडकीकडे पळाले. "पान्या! आता काय केलंस?"

"काही नाही! बंद आहे ती!"

दोघं गोंधळून मागे वळले. गॅरेजातल्या बिनडोक शिकाऊ पोरांकडे बघायचा, तशाच नजरेनं दादा त्यांच्याकडे बघत होता. त्यानं डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर आपटला.

"मला."