पाटीवरचा चौथा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. पण शाळेतली नव्हे बरं का! बाराखडी गिरवून घ्यायला जन्मले आणि थेट नागापूरच्या कारखान्यात लागले, याचा मला कोण अभिमान! साल होतं एकोणीसशे बहात्तर. कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, एकच आणि त्यावर काम करणारे तिघे. प्रत्येकाची पाटी वेगळी. मी पारनेरच्या पुंजारामची.

माझ्यावर तीन रकाने होते: 'काम', 'मालाची वाट' आणि 'रिकामा'. आपले आठ तास कुठे गेले, ते पुंजाराम रोज खडूने प्रामाणिकपणे लिही. नोकरीत कायम होण्याआधीचे त्याचे सहा महिने संपत आले होते.

एका संध्याकाळी फोरमन शामकांत यांनी मला खिळ्यावरून काढलं. काम तीन तास, मालाची वाट एक, रिकामा चार.

"चार तास रिकामा? पुंजाराम, कामचोराला कायम करता येणार नाही मला."

पुंजाराम मान खाली घालून उभा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडा खरा होता, तरी मी खोटं बोलत होते!

तेवढ्यात लोखंडाचा कीस झाडणारी बायडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, रिकामा कुठं हुता त्यो? कातायचा जॉब हातात घिऊन लेथपाशी हुबा हुता की! त्याची पाळी आली की तुमीच दुसऱ्याचं घाईचं काम लावता."

"मग तसं लिहिलं का नाहीस रे?"

"कुठं लिवनार, साहेब? त्याला रकानाच न्हाई."

शामकांत यांनी माझे तिन्ही रकाने पुन्हा वाचले. मग त्यांनी खडू घेतला, माझ्यावर चौथी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'चोरीला गेलेला वेळ'. त्याखाली आकडा मांडला, साडेतीन तास.

"आणि उरलेला अर्धा तास?"

"च्या पिलो, साहेब."

शामकांत खो खो हसले. "म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो! आणि चोर कोण, तर मीच."

पुंजाराम कायम झाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाट्यांवर चार रकाने आले. पण पहिला माझ्यावर आला, हे विसरू नका.

आता माझा कोपरा फुटलाय. तेलकट चिंध्यांखाली पडून असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा न पुसा. पण कुणाच्या नावापुढे 'रिकामा' लिहिण्याआधी त्याच्या हातात जॉब आहे का, तेवढं बघा.